‘भेग’ म्हणायची परवानगी

एका जंगलात, मुलांनो, एके सकाळी झऱ्याचं पाणी गढूळ आलं.

एवढंच झालं. बाकी सगळं ठीक होतं. पाऊस जाऊन दहा दिवस उलटले होते, ऊन पडलं होतं, गवतावर चतुर उडत होते. पण पाऊस गेला की झऱ्याचं पाणी निवळतं. हे उलटंच झालं होतं.

खवली पाणी प्यायला आली होती. ती दचकली आणि तिच्या अंगाचा गोळा झाला.

खवली म्हणजे खवल्या मांजर, बरं का. ही जात घाबरली की गोळा होते, आणि खवली जरा जास्तच वेळा व्हायची. पान पडलं, गोळा. मागून कुणी हाक मारली, गोळा. खवल्या मांजरं दिवसा झोपतात म्हणे. हिला काळजीने झोप लागत नसे, म्हणून ही भल्या सकाळी झऱ्यावर.

गोळा सुटल्यावर तिने विचार केला. पाण्यात माती आली, म्हणजे ती डोंगराच्या पोटातून आली. मग पोटात काय झालं?

ती उतार चढून वर गेली. वर एक ऐनाचं झाड होतं. काल ते सरळ उभं होतं. आज ते खाली वाकून बघत होतं, जणू काहीतरी पडलंय आणि ते शोधायचंय. झाडामागे जमिनीला भेग पडली होती. लांबच लांब, उताराला आडवी. खवलीने तिच्यात एक नख घालून पाहिलं. नख बरोबर बसलं.

तिने खाली पाहिलं. उताराच्या पायथ्याशी ससेवाडी होती. तीनशे ससे, त्यातले निम्मे तान्हे.

आता तुम्ही म्हणाल, मग तिने ओरडायचं ना! तुम्ही लहान आहात. तुम्हाला नियम माहीत नाहीत.

त्या जंगलात जमिनीबद्दल कुणीही उठून बोलायचं नसे. बोलायचं ते परवानाधारक भूपरीक्षकांनीच. परवाना म्हणजे नखमुद्रा. भूपरीक्षक मंडळ उजव्या पंजाच्या मधल्या नखावर लाखेची मुद्रा उठवून देई. ज्याला मुद्रा नाही, त्याला काही शब्द वर्ज्य होते. ‘भेग’ यादीत पहिला. मग ‘खचणे’, मग ‘घसरणे’. शेवटचा शब्द होता ‘पळा’. तोही तांत्रिकच, कारण तो निष्कर्ष आहे.

बिनमुद्रेवाल्यांनी ‘फट’ म्हणावं, ‘रेघ’ म्हणावं, नाहीतर ‘आज हवा छान आहे’ म्हणावं. वर्ज्य शब्द उच्चारला, तर जन्मभर परीक्षेला बसता येणार नाही. आणि खवलीला तर मातीशिवाय दुसरं काहीच येत नव्हतं.

मातीचा पेपर ती पहिल्याच झटक्यात पास झाली होती. डोळे बांधून, नुसतं हुंगून तिने सात थर ओळखले होते. राहिला होता दुसरा पेपर, ‘व्यवसाय आणि नीती’. त्यात एकशेदहा प्रश्न. प्रत्येकाला चार पर्याय. माती कुठेच नाही. पहिले वीस प्रश्न मुद्रा पानाच्या कुठल्या कोपऱ्यात उठवावी यावर. पुढचे तीस ज्येष्ठ मुद्राधारकांसमोर शेपटी किती खाली ठेवावी यावर.

त्यासाठी कोल्हेसरांचा क्लास होता. तिथे सर पहिल्याच दिवशी सांगत, “नीती समजून घेत बसू नका, तेवढा वेळ नसतो. पाठ करा. आणि काहीच आठवलं नाही तर सगळ्यात लांब पर्यायावर खूण करा. नीती नेहमी लांब असते.”

खवली दोनदा बसली आणि दोन्ही वेळा एका गुणाने गेली. दोन्ही वेळा प्रश्न एक्केचाळीसने घात केला. तो असा:

‘उतारावर धोका दिसल्यास परीक्षक प्रथम काय करील? (अ) खालच्यांना ओरडून सांगेल. (ब) सांगेल, पण हळू आवाजात. (क) सदर बाब आपल्या कार्यकक्षेत येते काय, याबाबत सक्षम मुद्राधारकाचे लेखी मार्गदर्शन मागवील. (ड) घरी जाईल.’

बरोबर उत्तर क. ब लिहिणाऱ्याला अर्धा गुण, ड लिहिणाऱ्याला ‘परिस्थितीनुसार’ अर्धा. अ लिहिणाऱ्याचा एक गुण कापत.

खवलीने पहिल्या वेळी अ लिहिलं, कारण तिला तेच खरं वाटलं. दुसऱ्या वेळी तिला क पाठ होतं. पंजा क वर नेला, आणि खूण केली अ वर. आता अशा पंजावर कुठलं मंडळ मुद्रा उठवेल, तुम्हीच सांगा.

तर ही खवली उतार उतरून धावत मंडळाकडे गेली. खिडकीत साळिंदरबाई बसल्या होत्या. त्या मंडळाच्या कारकून. अंगावरच्या एकेका काट्याला एकेक अर्ज टोचून ठेवलेला. हलल्या की सगळं कार्यालय खसखस वाजे.

“बाई, वरच्या उतारावर...” खवली थांबली. शब्द गिळला. “फट आहे.”

“मग?”

“मोठी आहे. नखाएवढी. कुणीतरी बघायला हवं.”

“तक्रार आहे का सूचना?”

“काय फरक असतो?”

“तक्रार असली तर पिवळं पान. सूचना असली तर हिरवं. दोन्हीवर मुद्रेचा क्रमांक लागतो.” बाईंनी तिच्या नखाकडे पाहिलं. “अगं बाई. कोरंच?”

“एका गुणाने गेले, बाई.”

“एक्केचाळीस?”

“हो.”

“सगळ्या भाबड्या तिथेच जातात,” साळिंदरबाई म्हणाल्या आणि एक पान काट्यावरून काढून दुसऱ्या काट्यावर टोचलं. “फेरपरीक्षा फाल्गुनात आहे. पास हो, मुद्रा घे, मग पिवळं पान भर. आम्ही अगदी त्याच आठवड्यात लक्ष घालू.”

“फाल्गुनापर्यंत उतार थांबेल का?”

“आज दुपारपर्यंत मी थांबणार आहे. उताराचं मला विचारू नको, ते माझ्या कार्यकक्षेत नाही.”

खवली पुन्हा वर गेली. आता भेगेत दोन नखं मावत होती.

मग ती घूसरावांकडे गेली. घूसराव म्हणजे जंगलातले सर्वांत ज्येष्ठ मुद्राधारक. नीतीच्या पेपरात त्यांना एकशेदहापैकी एकशेनऊ गुण होते. गेलेला एक गुणही त्यांनी नंतर अर्ज करून परत मिळवला होता. डोंगराच्या पायथ्याशी सिंहमहाराजांसाठी थंडगार दिवाणखाना खणायचं काम सध्या त्यांच्याकडेच होतं. खणल्याने उताराला धोका नाही ना, हे तपासायचं कामही त्यांच्याकडेच. एकाच पंजाने खणायचं आणि त्याच पंजाने ‘स्थिर’ अशी मुद्रा उठवायची. यात गैर काही नव्हतं, कारण मध्ये ते पंजा धुवत.

घूसराव बिळाच्या तोंडाशी बसून भाषण लिहीत होते. विषय होता ‘भूमी आणि आपला विवेक’.

“ये, बाळ, ये,” ते म्हणाले. “विवेकाला दुसरा शब्द सुचव. चारदा आलाय.”

“सर, झरा गढूळ झालाय.”

“हं.”

“ऐनाचं झाड वाकलंय. आणि त्याच्या मागे फट आहे. सकाळी एक नख जात होतं, आता दोन जातात. सर, तुम्ही खणताय ना, त्याच्या बरोबर वर आहे.”

घूसरावांनी लेखणी ठेवली. “बाळ, नियम नऊ काय सांगतो?”

“सहव्यावसायिकाच्या कामाबद्दल त्याच्या पाठीमागे बोलू नये.”

“शाब्बास!”

“पण मी तुमच्या तोंडावर बोलतेय, सर.”

“त्यासाठी आधी सहव्यावसायिक व्हावं लागतं.” ते हसले. “त्या उताराला मी ‘स्थिर’ म्हणून मुद्रा दिलेली आहे. एकदा दिलेली मुद्रा हलत नसते.”

“पण डोंगर हलतोय!”

“तो मंडळाचा सभासद नाही.”

खवलीचा गोळा होता होता राहिला. तिने इकडेतिकडे पाहिलं. घूसरावांचं बीळ नेहमी गजबजलेलं असे. सोळा पिलं, त्यांची आई, एक आत्या. आज आत चिटपाखरू नव्हतं. दाण्यांच्या राशीही नव्हत्या.

“काकू दिसत नाहीत?”

“माहेरी गेल्यात. पलीकडच्या डोंगरावर.”

“पिलांना घेऊन?”

“हवापालट.”

“कधी गेल्या, सर?”

“सकाळी. झरा गढूळ...” घूसराव थांबले. मिशा पुसल्या.



“म्हणजे तुम्हाला माहीत आहे,” खवली म्हणाली.

“घरच्यांना सांगणं म्हणजे व्यवसाय नव्हे, बाळ. ते खासगीत झालं. खासगीत मी काहीही म्हणू शकतो. व्यवसायात मी फक्त मुद्रेला बांधील आहे.”

“मग ससेवाडीलाही खासगीत सांगा ना!”

“तीनशे सशांना? ते खासगी कसं राहील?” घूसरावांनी पुन्हा लेखणी उचलली. “तू हुशार आहेस. फाल्गुनात नक्की होशील. फक्त वर्ज्य शब्दांपासून सांभाळ. आणि हो, भाषण संध्याकाळी आहे. पलीकडच्या डोंगरावर ठेवलंय. तिथे सावली चांगली आहे.”

खवली वाट सोडून, काट्याकुट्यांतून ससेवाडीत उतरली. दोनदा दगड गडगडत तिच्या शेजारून गेले, आणि दोन्ही वेळा तिचा गोळा झाला. खालपर्यंत निम्मं अंतर ती गोळ्यानेच आली.

वाडीच्या वेशीवर एक पान टांगलेलं होतं. ‘हा उतार स्थिर आहे.’ खाली घूसरावांची लाल मुद्रा. पानाला हार घातलेला. पानाखाली आप्पा ससे बसले होते. ते वाडीचे सरपंच.

“आप्पा, सगळ्यांना बाहेर काढा. वर फट आहे.”

“फट?” आप्पांनी कान खाजवला. “फट तर माझ्या दारालाही आहे. वारा येतो. झोप छान लागते.”

आजूबाजूचे ससे फिस्कन हसले.

“साधी फट नाही, आप्पा. वाढतेय.”

“आमची थोरली सूनही वाढतेय.”

आता ससे मोठ्याने हसले. खवलीच्या जिभेच्या टोकावर तो शब्द होता. तो एक शब्द म्हटला की कुणी हसणार नव्हतं. ‘फट’ म्हटलं की परवानगी असते आणि कुणी ऐकत नाही. दुसरं म्हटलं की सगळे ऐकतात आणि परवानगी नसते. मंडळाने यादी फार विचार करून केली होती, मुलांनो.

“पोरी,” आप्पा जरा मायेने म्हणाले, “आमच्याकडे मुद्रा आहे. तुझ्याकडे काय आहे?”

“माझ्याकडे नख आहे. सकाळी एक जात होतं.”

“कोरं नख.”

“हो.”

“मग असं कर. मुद्रा घेऊन ये. तू म्हणशील तिकडे येऊ. आम्ही काय अडाणी आहोत का?”

तेवढ्यात वरून एक आवाज आला. फार मोठा नाही. जाड कापड टरकावं तसा. ऐनाचं झाड आणखी वाकलं आणि त्याची मुळं एकेक करून तुटू लागली.

खवली वेशीजवळच्या उंच कातळावर चढली. तिला कोल्हेसर आठवले, साळिंदरबाईंचं पिवळं पान आठवलं, फाल्गुन आठवला. तिथून सगळी वाडी दिसत होती. एका बिळाच्या तोंडाशी चार-पाच पिलं एकमेकांच्या शेपट्या ओढत होती.

“भेग!” ती किंचाळली. “भेग पडलीय! डोंगर खचतोय! घसरतोय! पळा!”

चारही शब्द. एका दमात. जन्मभराची परीक्षा तिथेच संपली.

वाडीतले सगळे कान ताठ झाले. मग आप्पा ओरडले, “कान! सगळ्यांनी कान!”

कारण नियम बावीस असा होता: बिनमुद्रेचं मत देणं हा जसा गुन्हा, तसाच ते ऐकणं हाही. आणि सशांइतकं नियम पाळणारं जनावर नाही. तीनशे सशांनी आपापले लांब कान दोन्ही पंजांनी पकडले, खाली ओढले आणि हनुवटीखाली घट्ट दाबून धरले. आईने पिलांचे धरले. मग आईचे बापाने धरले. सगळी वाडी डोळे वटारून, कान आवळून खवलीकडे बघत बसली.

“पळा!” खवली ओरडली. “आप्पा! अहो आप्पा! पळा!”

आप्पांनी मान हलवली, म्हणजे ऐकू येत नाही. आणि ती बरोबर तिच्या ओरडण्यानंतरच हलवली.

कातळ हलला. खवलीचं अंग आपोआप वळायला लागलं. तिने नखं रोवून शेपटी कातळाच्या खाचेत अडकवली, आणि सरळ राहिली. घसा फुटला होता. तरी ती ओरडतच राहिली. प्रत्येक बिळाकडे तोंड करून, एकेका बिळाला. पहिल्या ओळीतून काही नाही. दुसऱ्या ओळीतूनही काही नाही.

अगदी कडेच्या बिळात भुरी नावाची सशीण होती. परवाच बाळंत झालेली. तिच्या दोन्ही पंजांत मिळून तीन पिलं होती, चौथं तोंडात. कान धरायला तिला हातच उरला नव्हता.

ती बिळातून बाहेर आली. वर डोंगराकडे पाहिलं, मग कातळावरच्या खवलीकडे पाहिलं. तिच्या कोऱ्या नखाकडे तिचं लक्षही गेलं नाही. तोंडातलं पिलू तिने खाली ठेवलं आणि हाक दिली:

“अगं ए पोरी! उतारानं खाली पळू का आडवी?”

तात्पर्य: मुलांनो, नीतीच्या पेपरात ‘ओरडून सांगेन’ असं कधीही लिहू नये, गुण जातात. आणि डोंगराखाली घर घेताना वेशीवर कुणाची मुद्रा आहे ते बघू नये. शेजारी कुणी एका गुणाने नापास झालेलं राहतं का, तेवढं विचारून घ्यावं.