किटलीचं कीर्तिमूल्य

"त्या किटलीसमोर मी तोंड उघडणार नाही! आधी किटली आपल्या घरी येईल, मग माझी दाढ निघेल!" ताशेरेसाहेबांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं आणि सुजलेला गाल हातात धरून ते खाली बसले.

ताशेरे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या हिशेबांवर लाल पेनाने ताशेरे ओढल्याबद्दल ऑफिसने बहाल केलेली ती पदवी होती. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यावर 'निःस्पृह सेवेबद्दल' असं कोरलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात म्हणे सकाळी अकराच्या आत तीनदा चहा झाला.

घरी लाल पेनाला काम पुरेना. वाण्याच्या याद्या तपासून झाल्या, दूधवाल्याला खुलासा मागवून झाला. शेवटी सुनेलाच दया आली. ती संगणकवाली. तिने घरच्यांची आणि शेजाऱ्यांची मिळून आठ क्लबांची फुटबॉल लीग संगणकावर काढली. संघ आपण निवडायचा, खेळाडू विकायचे-घ्यायचे, आणि रविवारी सकाळी संगणकाने सामने खेळून निकाल सांगायचा. खेळाडू काल्पनिक, मैदान काल्पनिक, कोट्यवधींचे व्यवहार काल्पनिक. भांडणं तेवढी अस्सल!

पहिल्या वर्षी ऐन वेळी करंडक मिळेना, म्हणून साहेबांच्या पत्नीची पितळी किटली 'तात्पुरती' मांडली. ती जिंकली व्याह्यांनी, म्हणजे सुनेच्या वडिलांनी. पुढची दोन वर्षंही त्यांनीच. व्याही दातांचे डॉक्टर. किटली त्यांच्या दवाखान्यात, प्लास्टरच्या जबड्याशेजारी, खास दिव्याखाली विराजमान झाली होती. पत्नी रोज पातेल्यात चहा करायची आणि गाळताना रोज एकच वाक्य बोलायची, "माझ्या किटलीला बघा कशी छान चोच होती."

दुसऱ्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे सुनेच्या माहेराशी युद्ध पुकारणं. तेव्हा किटली येईपर्यंत दाढ सोसणं भाग होतं.

या वर्षी साहेबांनी खेळाच्या नादी न लागता मुळावरच घाव घालायचं ठरवलं. लीगमध्ये आर्थिक न्याय नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. (तीन वेळा हरल्यावर हे कोणाच्याही लक्षात येतं.) त्यांनी बैठक बोलावली. बैठकीला ते एकटेच आले आणि आर्थिक नियंत्रक म्हणून त्यांची एकमताने निवड झाली. मग सामान्य माणसाला समजेल अशा सोप्या भाषेत त्यांनी नियमावली लिहिली. एकेचाळीस पानं झाली.

गाभा एवढाच, की कुठल्याही क्लबाची एकूण मालमत्ता शंभर कोटींच्या वर जाता कामा नये. शनिवारी संध्याकाळी पाचला मोजणी. वर गेलेल्या क्लबाने खेळाडू विकायचे, तेही निम्म्या भावात. गरिबांचं भलं!

सून नियमावली संगणकात भरत होती. "बाबा, हे 'करंडकाचं कीर्तिमूल्य' काय आहे?"

"जिंकणाऱ्याला मान मिळतो. मान ही मालमत्ता. मालमत्ता हिशेबात धरायची."

"किती धरू?"

"पंचवीस कोटी."

"किटलीचे?"

"कीर्तीचे! फक्त किटली ज्याच्या ताब्यात असेल त्याच्या नावावर ते लागतील."

"मग माझ्या बाबांचा क्लब एकशेपाचवर जातो."

"जातो का? अरेरे!" साहेब इतक्या निरागसपणे म्हणाले, की त्यांना स्वतःलाही क्षणभर वाईट वाटलं.

व्याह्यांच्या 'अक्कलदाढ क्लबा'चे खेळाडू आणि मैदान मिळून ऐंशी कोटींचे होते. साहेबांच्या 'निःपक्ष क्लबा'चे अठ्ठ्याऐंशीचे. हा तपशील साहेबांनी नियमावलीत घातला नव्हता. कोणी विचारला नव्हता!

नोटीस गेली. शनिवारी सकाळी व्याह्यांचा फोन आला.

"नोटीस पोचली हं. काय अक्षर आहे तुमचं! फ्रेम करावीशी वाटते. बरं, दाढ काय म्हणतेय?"

"दाढेचा इथे संबंध नाही. पाचपर्यंत खेळाडू विका."

"विकायलाच हवेत का? करंडक दुसऱ्या क्लबाला भेट दिला तर?"

"नियमात बसतं. पण पंचवीस कोटी फुकट घालवणारा मूर्ख कोण असेल?" साहेब हसले. हसताना दाढेतून कळ गेली.

"अगदी खरंय तुमचं," व्याही म्हणाले. "ठणका कानापर्यंत गेलाय का?"

"...गेलाय."

दुपारी साहेब समोरच्या शिंप्याकडे जाऊन बसले. शिंप्याचा क्लब लीगमध्ये शेवटून पहिला होता. आता व्याह्यांचे चांगले खेळाडू स्वस्तात मिळतील, हे साहेबांनी त्याला पाऊण तास समजावलं. शिंपी सुई तोंडात धरून "हूं, हूं" करत राहिला. पाचला पाच कमी असताना साहेब विजयी मुद्रेने घरी आले. घरात चहाचा वास दरवळत होता.

गॅसवर किटली होती.

"ही... ही कुठून आली?"

"व्याह्यांच्या कंपाउंडरने आणून दिली," पत्नी म्हणाली. तीन वर्षांत ती इतकी प्रसन्न दिसली नव्हती. "टॉवेलात गुंडाळून! किती मोठ्या मनाची माणसं!"

"तू घेतलीस?"

"पावतीवर सही करून घेतली. पावतीशिवाय काही घ्यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"पावतीवर काय होतं?"

"'निःपक्ष क्लबास सप्रेम भेट.' मी सचिव म्हणून सही केली. प्रत्येक क्लबाला दोन पदाधिकारी हवेत म्हणून तुम्हीच मला सचिव केलंत. मला कशाला हौस?"

आतल्या खोलीतून सुनेचा आवाज आला, "बाबा, तुमचा क्लब एकशेतेरावर गेलाय!"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "परत पाठव! आत्ताच्या आत्ता! नाहीतर शिंप्याला देऊन ये!"

पत्नीने गॅस बारीक केला. "किटली या घराबाहेर जाणार नाही. तुम्हाला जायचं असेल तर जा."

साहेब सुनेकडे धावले. "कीर्तिमूल्य खाली आण! शून्य कर! एका किटलीचे कुठे पंचवीस कोटी असतात?"

"नियम सतरा, बाबा. एकदा ठरलेलं मूल्य वर्षभर कोणत्याही परिस्थितीत बदलता येणार नाही. 'कोणत्याही परिस्थितीत'खाली दोन रेघा आहेत. लाल." तिने घड्याळाकडे पाहिलं. "पाच वाजले."

आता नियंत्रकाने कारवाई करणं प्राप्त होतं. साहेबांनी स्वतःला नोटीस लिहिली. दोन प्रतींत. एक स्वतःला दिली, एकीवर स्वतःचीच पोच घेतली. मग खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन खुलासा लिहिला की सदर मालमत्ता माझ्या अनुपस्थितीत आली, माझा हेतू शुद्ध होता, सहानुभूतीने विचार व्हावा. खुर्ची पुन्हा पूर्वीच्या जागी आणून त्यांनी तो खुलासा दोनदा वाचला. पस्तीस वर्षांत असे हजारो वाचले होते. त्यांनी लाल पेन उघडलं आणि शेरा मारला, 'खुलासा समाधानकारक नाही.'

खेळाडू विकणं आलं. पण विकला की पैसे येतात, आणि पैसे आले की क्लब तितकासा गरीब होत नाही! शंभरवर यायला एक नाही, तीन मोहरे विकावे लागले. किटली गेल्यामुळे ऐंशीवर आलेल्या व्याह्यांनी तिघंही निम्म्या भावात उचलले. वर आभाराचा फोन! "नियमावली अप्रतिम आहे हो. गरिबांचा विचार कोण करतो आजकाल?"

रविवारी सकाळी वर्षाच्या शेवटच्या सामन्यात अक्कलदाढ क्लबाने निःपक्ष क्लबाचा सहा-शून्यने फडशा पाडला. सहाच्या सहा गोल त्या तीन मोहऱ्यांचे. चौथ्या वर्षीही विजेते तेच!

"आई, करंडक द्यायला लागेल," सून जरा चाचरत म्हणाली.

पत्नीने एका हाताने किटली पोटाशी धरली आणि दुसऱ्या हाताने भिंतीवरून काहीतरी काढलं. "हे द्या. तसंही ते सारखं मागे पडतं."

सोमवारी साहेब दवाखान्यात गेले. ठरल्याप्रमाणे किटली घरी आली होती. आता दाढेला काही सबब उरली नव्हती. व्याह्यांनी त्यांना मोठ्या अगत्याने खुर्चीत बसवलं, गालात दोन्हीकडून कापसाचे बोळे कोंबले आणि दिवा ओढला. दिव्यामागे, प्लास्टरच्या जबड्याशेजारी, 'निःस्पृह सेवेबद्दल' असं कोरलेलं घड्याळ टिकटिकत होतं.

"काही म्हणणं आहे का?" व्याह्यांनी पक्कड उचलत विचारलं.

घड्याळ सात मिनिटं मागे होतं. कीर्तिमूल्य पंचवीस कोटी. साहेबांच्या मनात एकूण चार ताशेरे तयार होते.

"आऽ," साहेब म्हणाले.