एका हिसक्यात सुटणारी गाठ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्या गाठीला आज सगळं गाव नावं ठेवतं, ती लहानूनानांनी मारलेली नव्हती. मी मारलेली होती.

आधी नाना सांगतो. पाथर्डीकडच्या आमच्या गावाला मे महिन्यात टँकर येतो. त्याच मे महिन्यात नाना पुराची तालीम घ्यायचे. रिकामा पत्र्याचा डबा बडवत वस्तीभर हिंडायचे आणि आपल्या तांबड्या गाईला मारुतीच्या टेकाडावर नेऊन परत आणायचे. रोज. "मानसाला भाषण चालतं, जनावराला वाट पाठ पायजे." टँकरच्या रांगेतून कुणीतरी हटकायचंच, "नाना, पूर येईस्तवर एक हंडा उसना द्या की!" नाना म्हणायचे, "देतो. पोहता येतं का तेवढं सांग."

हे खूळ राहुरीच्या हवामान शिबिरातून आलं. तेव्हापासून नाना मोबाईलवर ढगांची चित्रं बघत बसायचे. "हवा तापली, तशी तिची घागर मोठी झाली. उपडी हुईल तवा एकदम." ओढ्याचं पाणी चढावरचा कडुलिंब ओलांडून कधी वर आलेलं नाही, असं म्हातारी माणसं सांगत. नाना म्हणत, "आलं न्हाई हे खरं. पन लिंबाला काय शपथ घातलीय व्हय?"

मग गवंड्याची पाण्याची नळी लावून त्यांनी साऱ्या गोठ्यांची उंची काढली. ज्याचा गोठा खाली, त्याची जनावरं आधी सोडायची. पहिला गोठा माझा, दुसरा त्यांचा स्वतःचा. आणि प्रत्येक दावं खुंट्याशी सुरगाठीनं बांधून गेले. "सुभाष, पुरात जनावर पान्यानं मरत न्हाई, दाव्यानं मरतं. एका हिसक्यात सुटली पायजे."

त्या सुरगाठीनं माझ्या म्हशीची वगार एकदा सुटली आणि चुलत्याच्या मक्यात शिरली. शिव्या मी खाल्ल्या. त्याच संध्याकाळी मी घट्ट निरगाठी मारून टाकल्या. नाना अधूनमधून विचारायचे, "गाठ हाय ना तशीच?" मी म्हणायचो, "हाय की." खुळ्या माणसाला खरं काय सांगायचं, असं वाटायचं.

गेल्या पितृपक्षात मोबाईलवर लाल इशारा आला. दुपारी नानांचा डबा वाजला. मी धान्याची पोती माळ्यावर चढवत होतो. म्हटलं, जनावरांचं नाना बघतील. खाली आलो तर पाणी लिंबाच्या वर गेलेलं, आणि नाना माझ्या गोठ्यात छातीभर पाण्यात, गढुळात खुंटा चाचपत, हिसक्यावर हिसके देत होते. "सुटंना रे! सुटंना!" गाठीवर भरवसा, म्हणून कोयतासुद्धा जवळ नव्हता. मी विळा आणून दावी कापली. म्हशी टेकाडाकडं निघाल्या. नाना वळले तेव्हा लोंढ्यानं त्यांचा गोठा आडवा केला होता, नुसते पत्रे दिसत होते.

तांबडीला टेकाडाची वाट पाठ होती. तिला फक्त एक हिसका हवा होता. नानींनी तिला वासरापासून वाढवलेली. नानी गेल्यावर नाना घरात बोलायचे ते तिच्याशीच.

माझे खुंटे गाठींसकट वाहून गेले होते. पाणी ओसरल्यावर नाना ग्रामपंचायतीपुढं उभे राहिले. "सुरगाठ भिजून आवळली. चूक माझी. आपल्या जुन्या गाठीच मारा." गावानं नानांचं ऐकलं ते पहिल्यांदाच. आज आमच्याकडं प्रत्येक दाव्याला निरगाठ आहे.

त्या हिसक्यांनी माझ्या म्हशीच्या मानेचं कातडं सोललं होतं. नाना येऊन तिथं तेल-हळद लावत तिला म्हणाले, "माफ कर बाई, लई येळ लावला म्या."

हल्ली रोज संध्याकाळी ते माझ्याच गोठ्यात येऊन बसतात. स्वतःच्या गोठ्यात कशाला बसतील? बादलीत दाव्याचे तुकडे भिजवतात, खुंट्याला सुरगाठ मारतात, ओढतात. परत मारतात, परत ओढतात. "सुटती रे सुभाष. दर बारीला सुटती. मग त्या दिवशी का न्हाई सुटली?"

मी खाली मान घालून धार काढत राहतो.

पावसाळा पुन्हा तोंडावर आलाय. तांबडी मी परत देऊ शकत नाही. नाना, तुमची गाठ बरोबर होती, ती सोडून मी माझी मारली, एवढं सांगायचं देणं मी लागतो. आधी त्यांना, मग ग्रामपंचायतीपुढं साऱ्या गावाला. अजून सांगितलेलं नाही.