बॅटरीचं पाणी

अंबिकाबाईंचे उखाणे गेल्याचं सिद्धेश्वर अप्पांना मंगळवारी सकाळी कळलं. अंबिकाबाई चारचौघांत नवऱ्याची फिरकी घेणारे उखाणे घ्यायच्या. ‘उदगीरची गेली लाईट, इन्व्हर्टर हाय घरात, सिद्धेश्वररावांचा उजेड पडतो नुसता दारात.’ असे सगळे आठवून अप्पा कॉम्प्युटरवर लिहीत होते. त्या गेल्याला शनिवारी वर्ष होणार होतं आणि त्या दिवशी पुस्तिका वाटायची होती. सेव्ह करणं हे काम संपल्यावर करायचं असतं, अशी अप्पांची समजूत होती. लाईट गेली, इन्व्हर्टर दोनदा कण्हला आणि पडदा काळा झाला.

रविकांत इलेक्ट्रिशियनने फोनवर विचारलं, बॅटरीत पाणी कधी घातलं होतं? पाणी अंबिकाबाई घालायच्या. घालावं लागतं हेच अप्पांना ठाऊक नव्हतं. ते बॅटरीच्या पाण्याचा कॅन घेऊन आले. पण बॅटरीवर अंबिकाबाईंचा हार घातलेला फोटो होता.

“वर्षाच्या आत फोटो हलवायचा न्हाई,” अप्पांची थोरली बहीण कमलम्मा म्हणाली. “स्वामींना बोलाव.”

“अक्का, पाणी घालायचंय फक्त.”

“मग पाण्यासाठी बोलाव.”

घरचे पुरोहित गुरुलिंग स्वामी आले. त्यांनी विभूती लावून फोटो खुर्चीवर ठेवला आणि मंत्र म्हणू लागले. तेवढ्यात अप्पा इन्व्हर्टरचा प्लग काढायला कॉम्प्युटरच्या टेबलाखाली शिरले. बाहेर फक्त पाय राहिले.

समोरच्या धुरपताबाईंनी दारातून स्वामी पाहिले, पाय पाहिले आणि येऊन पायांवरच पडल्या. “बाईच्या मागं वर्षबी काढलं न्हाई की वो, अप्पा!”

गल्ली गोळा झाली. कुणीतरी हार आणायलाही धावलं.

“धुरपताबाई, पाय सोडा,” टेबलाखालून आवाज आला. “हातात वायर हाय.”

अप्पा जिवंत निघाले, तरी आलेल्या माणसांना चहाशिवाय कसं पाठवायचं? नळ आला नव्हता, घागर रिकामी होती. कमलम्माला कोपऱ्यात सीलबंद, स्वच्छ पाण्याचा कॅन दिसला. चहा झाला. सगळ्यांनी तो नावाजला.

कपबशा खाली ठेवल्या जात असताना रविकांत आला. त्याने बॅटरीची बुचं उघडली आणि पाणी मागितलं. कमलम्मा रिकाम्या कॅनकडे बघत राहिली. धुरपताबाईंनी बशी हळूच जमिनीवर टेकवली आणि पोटावर हात ठेवला.

“काही होत न्हाई, मावशी,” रविकांत म्हणाला. “फक्त लाईट गेली की घाबरू नका. आता तुम्ही दोन तास चालताव.”

खोलीत हशा पिकला. अप्पाही हसले. मग सवयीने त्यांनी बॅटरीकडे पाहिलं. तिथे फोटो नव्हता. तो खुर्चीवर होता.

शनिवार जवळ आला आहे. बुचं उघडीच आहेत. पाणी आणायचं राहिलं आहे, आणि उखाणे पहिल्यापासून लिहायचे राहिले आहेत.