फोटो आमचाच आहे

आरोग्याच्या वेबसाइटवर काम करणाऱ्या एका उपसंपादकाला सहा महिने एकच दुखणं होतं. तो अजून कायम झाला नव्हता. बायकोने मात्र माहेरी "हे कायम झाले" असं परस्पर जाहीर करून टाकलं होतं आणि सासरे शनिवारी जावयाचं पत्र बघायला येणार होते. पत्र टाइप होऊन साहेबांच्या खणात पडलं होतं. फक्त सही राहिली होती.

त्यातच साहेबांचा डावा खांदा आखडला. साहेब वेबसाइटचे मालकही आणि संपादकही. स्वतःचं दुखणं फुकट जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा.

"आखडलेल्या डाव्या खांद्यावर लेख टाक. आणि फोटो स्वतः काढायचा! मागच्या वेळी दुसऱ्याचा उचलला आणि वकिलाची नोटीस आली, आठवतंय ना? लेख जमला की सही करतो."

उपसंपादकाने मनापासून प्रयत्न केला. शिपायाला भिंतीशी उभं करून हात वर करायला लावला. फोटोत तो टॅक्सी थांबवत असल्यासारखा आला. दुसऱ्या फोटोत, टॅक्सी न थांबल्यामुळे चिडल्यासारखा आला. शेवटी उपसंपादकाने इंटरनेटवरून एका बाईचा सुरेख फोटो उचलला. ती भिंतीवर बोटं टेकवून डावा हात वर सरकवत होती, तेही हसत हसत. ओळखू येऊ नये म्हणून त्याने तो आरशात दिसतो तसा उलटा केला, कोपऱ्यातलं नाव कापलं आणि खाली लिहिलं, 'फोटोत दाखवलेला हातच हलवावा. दुसऱ्याला पूर्ण विश्रांती द्यावी.' डाव्याचा उजवा झालाय, हे काही त्या बिचाऱ्याच्या डोक्यात शिरलं नाही.

"तूच काढलास?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"शाब्बास! आता आपण कुणाच्या बापाला भीत नाही."

तीन दिवसांत वाचकांची पत्रं यायला लागली. डावा होता तसाच आहे, आता उजवाही गेला. चौथ्या दिवशी साहेब डोक्याने दार ढकलत आत आले.

"मला वाटलं, उजवा हलवून डावा सुटतो, असेल काहीतरी शास्त्र! आता कंगवासुद्धा डोक्यापर्यंत पोचत नाही!"

माउस मांडीवर घेऊन ते दुसरे उपाय शोधायला बसले आणि एकदम ओरडले, "अरे, हा बघ आपला फोटो! कुणा फिजिओथेरपिस्टच्या साइटवर! चोराने ओळखू येऊ नये म्हणून उलटासुद्धा केलाय!"

उपसंपादक घाईने म्हणाला, "जाऊ द्या ना साहेब. बाईमाणूस आहे."

"तुला काय माहीत बाई आहे ते?"

"फ... फोटोत बाई आहे."

"नोटीस काढ! लिही. हा फोटो आमचाच आहे. आमच्याच माणसाने काढलेला आहे. त्याची संपूर्ण जबाबदारी आमची आणि फक्त आमची आहे."

त्याने लिहिलं, साहेबांच्या देखत पाठवलं आणि घरी जाऊन न जेवता झोपला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात साक्षात फोटोच उभा राहिला. तीच बाई, तोच गालावरचा तीळ. हसू तेवढं नव्हतं.

"नोटीस मिळाली," बाई म्हणाल्या. "फोटो तुमचा आहे म्हणता?"

"अर्थात!" साहेब म्हणाले. "पण तुम्हाला कुठेतरी पाहिलंय."

"भिंतीशी. हात वर करून."

साहेबांनी उपसंपादकाकडे पाहिलं. उपसंपादकाने छताकडे पाहिलं.

"फोटो माझ्या मिस्टरांनी काढलाय, माझ्याच दवाखान्यात. तो सरळ करा, खाली त्यांचं नाव घाला आणि माफी छापा. माझं एवढंच म्हणणं आहे. पण खाली अठरा पेशंट उभे आहेत, दोन्ही खांदे आखडलेले. सगळे तुमचे वाचक. जबाबदार कोण, असं विचारत होते. मी तुमची नोटीस वाचून दाखवली."

"मी नाही! ह्याने केलंय सगळं!"

"हे कोण?"

"हा तर अजून कायमसुद्धा नाही!"

"मग जबाबदार तुम्हीच. चला खाली."

साहेबांनी गुडघ्याने खण उघडला. "कोण म्हणतं कायम नाही? कायम आहे! चांगला कायम आहे! छायाचित्र विभागाचा प्रमुख आहे!"

उपसंपादकाने पत्रात तसं हाताने लिहिलंही, पण सहीसाठी साहेबांचा हात काही टेबलापर्यंत येईना. अखेर डॉक्टरबाईंनीच त्यांचं कोपर धरून अलगद वर ठेवलं. सही झाली, तीही आदल्या आठवड्याच्या तारखेने.

"प्रमुख," साहेब गोड आवाजात म्हणाले, "आता खाली जा."

पत्र खिशात घालून प्रमुख जिना उतरू लागले. भीती वाटत होतीच, पण आनंदही इतका झाला होता की दोन पायऱ्या त्यांनी उडी मारून ओलांडल्या. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"झालात का कायम?"

"झालो! प्रमुखसुद्धा झालो!"

"अगंबाई! आणि मागे एवढा गलका कसला?"

"खाली अठरा लोक जमलेत. माझीच वाट बघतायत."

"सत्कार करणारेत की काय?"

प्रमुखांनी कठड्यावरून वाकून पाहिलं.

"मनात काय आहे कोण जाणे," ते म्हणाले, "पण देवाच्या दयेने हात कुणाचाच वर होत नाहीये."