शेरीफसाहेबांची दोन मिनिटं

या, जरा जवळ सरकून बसा. आमच्या काउंटीचा शेरीफ भर चर्चमध्ये स्वतःच्याच खुर्चीविरुद्ध कसा गायला, ते सांगतो.

ल्युशस पेटवे अठरा वर्षं शेरीफ, म्हणजे अख्ख्या काउंटीचा पोलीसप्रमुख, होता. आमच्याकडे पाच जणांचं मंडळ शेरीफ नेमायचं. मग राज्याच्या घटनेतली एक दुरुस्ती लोकांच्या मतदानाला आली : यापुढे प्रत्येक काउंटीत शेरीफ मतदानानेच निवडायचा. ल्युशसने थेट आमच्या चर्चचे पास्टर गाठले. भरधाव गाडी हाकल्याबद्दल ज्यातल्या कोणाला त्याने दंड केला नाही असं घर गावात उरलं नव्हतं.

"मला कोण मत देणार, पास्टर? रविवारी दोन मिनिटं द्या. दुरुस्ती नको, एवढंच सांगतो."

"दोनच हं," पास्टर टिसडेल म्हणाले. "खाली तळघरात जेवणाचं चिकन थंड होतं."

रविवारी ल्युशसने कागद उघडला. "मंडळी, प्रश्न असा, की शेरीफ कोणी निवडायचा."

"सांग, लेकरा," मागून एक म्हातारी म्हणाली. आमच्यात कोणी बोलायला उभं राहिलं की असं म्हणायचंच असतं. आणि ऑर्गनवरच्या वर्डेल मिम्सबाईंनी चाळीस वर्षांच्या सवयीने त्या वाक्याखाली हळूच सूर धरला.

तिथेच घात झाला. ल्युशसचे आजोबा गाऊन प्रवचन करायचे. नातवाचं रक्त जागं झालं.

"कोणी निवडायचा?" त्याने आवाज चढवला. ऑर्गनही चढला. कागदावर 'पाच जाणत्या माणसांनी' असं होतं, पण ते सुरात बसेना. 'लोकांनी' मात्र झकास ताणता आलं.

"लोकांनी," सगळं चर्च उठून म्हणालं.

"आणि मला कोणी नेमलं? पाच जणांनी."

"अरेरे," बाकांवरून आलं.

कोट उतरला, रुमाल भिजला, दोन मिनिटांची चाळीस झाली. तो धापा टाकत बसला तेव्हा पास्टर कानाशी लागले, "ल्युशस, तू नक्की कुठल्या बाजूने होतास?"

"थांबा, कागद बघतो."

नोव्हेंबरात दुरुस्ती दणक्यात मंजूर झाली. पुढच्या निवडणुकीत ल्युशस उभा राहिला, पण लोक म्हणाले, भाषणात खरा जोर ऑर्गनचा होता. मिम्सबाई भरघोस मतांनी निवडून आल्या.

"वाईट वाटून घेऊ नकोस रे," त्या छातीवर बिल्ला लावत म्हणाल्या. "तुझी खुर्ची मी घेतली, माझं स्टूल तू घे."

आता रविवारी बाई गस्तीवर असतात आणि ऑर्गनवर ल्युशस. पास्टर रंगात आले की त्याचा डावा हात मागे पडतो, सूर एक श्वास उशिरा येतो आणि अख्खं प्रवचन अडखळतं. म्हणून प्रार्थनेला बसाल तेव्हा त्या भल्या माणसाची आठवण ठेवा. खास करून त्याच्या डाव्या हाताची.