आप्पांचं ‘डिपेन्ड्स’

आप्पांना चहा हवा का असं विचारलं, तर हो किंवा नाही असं उत्तर मिळत नाही. “इट डिपेन्ड्स,” म्हणून ते बोटं मोजायला लागतात. “दूध म्हशीचं का पिशवीचं? आलं हाय का? आन् करणार कोन?” तोवर चहा निवतो. मग तोच चहा पीत म्हणतात, “टेंपरेचरवर बी डिपेन्ड्स.”

कारेगावात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत ते आम्हा कंपनीतल्या पोरींना फुकट इंग्रजी शिकवतात. स्वतः एका कारखान्यात क्वालिटीला होते. त्यांच्याकडे पाठांतर नाही. रोज प्रत्येकीनं आपल्या आयुष्यातलं एक वाक्य आणायचं, आणि काय कशावर अवलंबून आहे ते त्यात सांगायचं. बिहारची पिंकी म्हणाली, “डिपेंडिंग ऑन ठेकेदार, संडे इज हॉलिडे.” मी केडगावची, घरी गवारीचा मळा. मी म्हटलं, “अकॉर्डिंग टु मार्केट, फादर्स मूड व्हेरीज.” आप्पांनी टेबलावर थाप मारली. “फस्क्लास! यस सर काय, पोपटबी म्हनतो. आपलं कशाकशावर हाय ते सायबाला तोंडावर सांगता आलं पाहिजे.”

श्रावणात आमच्या लाइनवर परमनंटसाठी इंटरव्ह्यू लागले. मी परमनंट झाले नाही, तर दिवाळीत घरचे मला परत नेणार होते. स्थळही बघून ठेवलं होतं.

साहेबांनी मशीनबद्दल चार प्रश्न विचारले. मग पेन खाली ठेवून म्हणाले, “आफ्टर मॅरेज, विल यू लीव्ह द जॉब?”

माझ्या आधीच्या सगळ्या जणी “नो सर” म्हणून आल्या होत्या. दोघींचं तर लग्न ठरलेलं होतं. माझ्याही ओठांवर तेच आलं होतं, पण भयंकर राग आला. हा प्रश्न पोरांना कुणी विचारत नाही.

“इट डिपेन्ड्स, सर,” मी म्हटलं. “ऑन सॅलरी. ऑन शिफ्ट. ऑन बस. हजबंड इज लास्ट.”

साहेब हसले नाहीत. संध्याकाळी यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं.

गेटबाहेर आप्पा उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्याचा पुडा. दुपारपासून तिथंच होते, असं वॉचमन म्हणाला. मी सगळं सांगितलं, तसे ते रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसले.

“माझं चुकलं, पोरी. गप ‘नो सर’ म्हन, असं शिकवाया पाहिजे व्हतं.”

“मला नव्हतं म्हणायचं. दुसरी कंपनी बघीन. घरी जाणार न्हाई मी, आप्पा.”

ते पुड्याचा दोरा सोडू लागले. मग म्हणाले, “माझ्या लेकीला, सुमनला, बघाया आलेल्या पाव्हन्यांनी हेच विचारलं व्हतं. बँकेत लागली व्हती. तिनं तोंड उघडायच्या आत मीच बोललो, सोडंल की नोकरी. तिनं सोडली. तवापासनं माझ्याशी कामापुरतं बोलती.”

आमच्या क्लासला आप्पांनी कधी फी का घेतली नाही, ते मला तेव्हा कळलं. आणि खरं सांगते, त्यांचाही रागच आला. पण त्यांनी पुड्यातला एक पेढा काढून माझ्यापुढं धरला होता.

“मग आता विचारा की तिला,” मी म्हटलं.

त्यांनी फोन काढला. नंबर समोर होता, पण अंगठा पुढं सरकेना.

“काय इचारू?”

“कशी आहेस, एवढंच. आणि मग मधे बोलू नका.”

रिंग वाजली. पलीकडून “हॅलो” आलं. आप्पांनी प्रश्न विचारला, आणि पेढा हातातच धरून ऐकत राहिले.