सोळा सर्टिफिकेटांचे अरुणदादा

अरुणदादांच्या खोलीत देवाची तसबीर एक आणि सर्टिफिकेटं सोळा. सगळी लॅमिनेट केलेली. सकाळी उदबत्ती दोन्हींना सारखीच ओवाळली जाते.

आमच्या शेजारी, मध्य प्रदेशातल्या देवासात, ते भाड्याने राहतात. मूळचे धारचे, पन्नाशी उलटलेले, एकटे. पेशाने ग्रंथपाल, पण नुसतं ग्रंथपाल म्हटलेलं खपत नाही. “टेक्निकल ग्रंथपाल, भिया. मार्केट में डिमांड है!” हे ते पानवाल्यालाही ऐकवतात. हे मार्केट भरतं कुठे, देव जाणे. नोकरीची जाहिरात आली की तिच्यातलं एक सॉफ्टवेअर दादांना हटकून येत नसतं. मग कोर्स करायचा. सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत जाहिरातीत तिसरंच सॉफ्टवेअर आलेलं असतं.

शेवटी इथल्या एका खासगी कॉलेजने त्यांना वर्षाच्या करारावर घेतलं. एवढ्या विद्वानाला काम काय, तर प्राचार्यांचा प्रिंटर अडला की सोडवायचा. तरी दादांनी सगळी पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवली, जुनी रजिस्टरंसुद्धा. मग प्राचार्यांनी फर्मावलं, दहा वर्षांत कुणी नेली नाहीत त्या पुस्तकांची यादी काढा. ती रद्दीत देऊ, तिथे कॉम्प्युटर मांडू. यादी दिली की नोकरी पक्की.

यादी म्हणजे एका बटणाचं काम. दादांनी दाबलं. कुणा जुन्या वकिलाने देणगी दिलेली मराठी पुस्तकं त्यात झाडून सगळी निघाली.

त्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर मेसेज आला की मी कॉलेजच्या वाचनालयातून सात मराठी पुस्तकं नेली. दादांच्या भिडेखातर मी तिथला बाहेरचा मेंबर झालो होतो, एवढाच माझा गुन्हा. हिंदी शाळेत शिकलेला मी. मराठी बोलतो फर्राटेदार, वाचायला बसलो की दुसऱ्या ओळीला घाम फुटतो. समोरच्या काकूंच्या नावावर नऊ, आणि त्यांना मोतीबिंदू. वाटलं, सोळा कोर्स करून या माणसाने मशीनच बिघडवलं.

आणि प्राचार्यांचा फोन. ही पुस्तकं तुम्हीच नेलीत का? म्हणालो, “जी. बहुत अच्छी हैं.” खोटं बोलायला मला कोर्स लागला नाही.

प्राचार्य खूश होतील असं मला वाटलं, हा माझा भाबडेपणा. “लोग पढ़ने लगे तो कंप्यूटर कहाँ रखूँ?” म्हणाले, आणि दादांचा करार पुढे वाढवणार नाही, हेही तिथेच सांगून टाकलं. लोक वाचतात म्हणून ग्रंथपालाची नोकरी गेली.

संध्याकाळी तावातावाने दादांच्या खोलीत गेलो. खाटेखाली ती सगळी पुस्तकं, आमच्या नावांवर चढवून रद्दीतून वाचवलेली, पुसून, ओळीने लावलेली. प्राचार्यांचं बोलणं सांगितलं आणि वर सुनावलं, यादी दिली असती तर पक्के झाला असतात, ही कसली दुर्बुद्धी?

दादांनी खाटेखालचं एक पुस्तक ओढून काढलं.

“यादी काढायला शिकवतात रे सगळे,” ते म्हणाले. “वाचणारा कुठून आणायचा, ते कुणी शिकवत नाही.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. ओशाळून म्हणालो, दादा, मला धड वाचताच येत नाही.

“मी वाचतो. तू नुसता बस.”

चार वर्षांच्या शेजारात मी त्या खोलीत कधी बसलो नव्हतो. त्याची फार लाज वाटली. बसलो. दादा वाचू लागले, आणि प्रत्येक पान संपलं की मान वर करून बघत होते, मी आहे की गेलो.